अंडं घ्यावं की नाही? (कोळशाचं सिरॅमिक ग्रिल)

सुपातला
नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी, एडिसनच्या जवळ. घरामागे काँक्रीटचा छोटा ओटा आहे आणि त्यावर सहा वर्षांचं गॅसचं ग्रिल. त्याचे दोन बर्नर गंजून गेलेत, तिसरा मनात आलं तर पेटतो. नवीन काहीतरी घ्यायला हवं, इथवर आम्हा नवरा-बायकोचं एकमत आहे. त्यापुढे नाही.

झालं असं की चार जुलैला शेजारच्या काकांकडे जेवायला गेलो. त्यांच्याकडे ते हिरवं, अंड्याच्या आकाराचं बिग ग्रीन एग ग्रिल आहे. त्यांनी आदल्या रात्री दहाला मांस आत ठेवलं, झोपायला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. मध्ये एकदाही कोळसा घातला नाही म्हणे. आमच्यासाठी वेगळ्या केलेल्या कोंबडीच्या तंगड्या इतक्या रसाळ होत्या की मी घरी येऊन रात्री एकपर्यंत व्हिडिओ बघत बसलो.

मग किंमत पाहिली. लार्ज साइजचं नुसतं अंडं हजार-बाराशे डॉलरच्या घरात. स्टँड वेगळा, आच अडवायची सिरॅमिकची तबकडी वेगळी, कव्हर वेगळं. पंधराशेला हात लागतो. बायको म्हणाली, एवढ्यात एकाचं भारताचं तिकीट येतं, आणि तेही जाऊन-येऊन.

आमचा वापर: आठवड्यातून दोनदा संध्याकाळी कणसं, पनीर, चिकन असं काहीबाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी आठ-दहा माणसं. ऑक्टोबरात आई सहा महिन्यांसाठी येतेय, ती पूर्ण शाकाहारी. वापरणाऱ्यांनी खरं खरं सांगा, घ्यावं का?

फुंकणी
आमच्याकडे अंडं चालत नाही.

शाकाहारी_वाघ
आमच्यात अंडं चालत नाही हो.
अरेच्चा, फुंकणी, एकाच मिनिटाला!

अटलांटाचा_पम्या
नऊ वर्षं वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे नक्की काय प्रकरण आहे ते. अशा अंड्यासारख्या ग्रिलला कामाडो म्हणतात. कामाडो म्हणजे जपानी चूल. तिकडे भात शिजवायची मातीची गोल भट्टी असायची, मुशीकामाडो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि त्यांनी घरी आणली. आमच्या अटलांटात 1974 साली एड फिशर नावाच्या गृहस्थाने बिग ग्रीन एगचं दुकान काढलं. सुरुवातीला तो पाचिंकोची जपानी खेळयंत्रं विकायचा आणि जोडीला या भट्ट्या. मातीच्या होत्या तोवर त्या तडकायच्या, सिरॅमिक आल्यावर टिकायला लागल्या. अशीच ग्रिलं बनवणारी कामाडो जो ही कंपनी बरीच नंतरची, 2009 ची.

आता मुद्दा. याची भिंत जाड असल्यामुळे उष्णता बाहेर जात नाही. त्यामुळे आच टिकवायला थोडाच कोळसा जळावा लागतो, आणि थोडा कोळसा जळायला हवाही थोडीच लागते. आतून वारा वाहत नाही म्हणून मांस सुकत नाही. सगळी जादू एवढीच. खालची खिडकी आणि वरची चकती, दोन्ही जेमतेम फटीएवढ्या उघड्या ठेवल्या की 225-250 फॅरनहाइटवर बारा-पंधरा तास आरामात चालतं. पूर्ण उघडल्या तर 700 च्या वर जातं. काम झालं की दोन्ही बंद करायच्या. निखारे विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.

आता कान देऊन ऐका.
पेटवायचं तेल अजिबात वापरायचं नाही. सिरॅमिक सच्छिद्र असतं, ते तेल पितं आणि पुढचे कित्येक दिवस जेवणाला रॉकेलचा वास येतो.
कोळशाचा भुगा दाबून केलेल्या ब्रिकेटपेक्षा ढेकळांचा लाकडी कोळसा घ्या. ब्रिकेटची राख जास्त, ती हवेची वाट अडवते.
आणि तापमानाला खालून वर चढवत न्यायचं. एकदा पुढे गेलं की परत खाली आणणं म्हणजे रुसलेल्या आत्याला मांडवात परत आणण्यासारखं. जाड सिरॅमिक निवायला तासच्या तास घेतं.

माझं उत्तर: घ्या. तुमची पोरं वापरतील.

मीरा_ताई
पम्या लिहितोय त्यातलं एक अक्षर खोटं नाही, तरीही मी माझं विकलं.

आमच्याकडे चार वर्षं होतं. पहिल्या वर्षी दर शनिवारी, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, नंतर फक्त पाहुण्यांना दाखवायला. कारण सांगते. मंगळवारी सहा वाजता ऑफिसातून यायचं, मुलाला पोहायला सोडायचं, साडेसातला जेवण हवं. कोळसा पेटवा, वीस मिनिटं थांबा, झाकण बंद करा, सिरॅमिक तापेपर्यंत आणखी थांबा. चार कणसं आणि दोन पनीरच्या सळ्यांसाठी पाऊण तास. गॅसचं कान पिळला की काम सुरू.

शिवाय वजन. लार्ज नुसतं दीडशे पौंडांच्या वर भरतं. घर बदललं तेव्हा मूव्हर्सनी ते बघून एकमेकांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. आणि सिरॅमिकची आयुष्यभराची हमी पहिल्या मालकालाच मिळते, त्यामुळे विकताना भाव पडतो. ज्याने माझं घेतलं तो खूश आहे, वर्षातून एकदा फोटो पाठवतो.

सुपातला, तुम्ही स्वतःच लिहिलंय, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी. तुमचं उत्तर तिथेच आहे.

फुंकणी
ताई, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून सुपातल्यांच्या बायकोने फ्रिजवर लावली असणार.

सुपातला
लावली नाही. वाचून दाखवली. दोनदा.

खानदेशी_तडका
एवढं सगळं वाचलं, पण वांग्याचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी आमच्या जळगावकडचं भरीत यात होईल का ते बोला. आमच्याकडे भरताची वांगी वेगळी, हिरवी, हातभर लांब, आणि ती भाजायची कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर. झाकण लावून वांगं भाजतात होय? त्याला भाजणं नाही, उकडणं म्हणतात.

अटलांटाचा_पम्या
झाकण उघडं ठेवून थेट निखाऱ्यांवर ठेवता येतं की. सालीचा पापुद्रा होतो मस्त. फक्त फार वेळ उघडं ठेवलं तर भरपूर हवा मिळून कोळसा भडकतो आणि मग ते रुसलेल्या आत्याचं प्रकरण.

खानदेशी_तडका
म्हणजे ज्या झाकणासाठी हजार डॉलर मोजायचे तेच बाजूला ठेवून भरीत करायचं. समजलं.

पोपटराव
अलिबागहून नमस्कार. तुम्ही लोक झाकणाच्या मातीच्या भट्टीला डॉलर मोजताय आणि आमच्याकडे हिवाळ्यात ती दीडशे रुपयाच्या मडक्यात होते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

पोपटी! वालाच्या शेंगा, खडे मीठ, ओवा, हवी तर अंडी, मसाला लावलेलं चिकन, बटाटे, रताळी. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग थर, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, पालापाचोळा, सुकी लाकडं रचून पेटवायचं. अर्ध्या तासाच्या आसपास मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, चर्र झालं की झालं. पाणी आत एक थेंब घालत नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. पम्यासाहेबांनी सांगितलेली सुकत नाही ती जादू हीच. थर्मामीटर नाही, खिडकी नाही, हमी नाही. मडकं फुटलं तर दुसरं.

शाकाहारी_वाघ
पोपटराव, भांबुर्डा न्यू जर्सीत कुठे मिळतो तेवढं सांगा.

पोपटराव
तिथे नाही मिळत. म्हणून तर जानेवारीत या म्हणतोय.

डेटाबेस
आकड्यांवर या जरा. पंधराशे आणि शून्य यांच्यामध्येही पर्याय आहेत, ते कुणीच मांडले नाहीत.

एक, आकॉर्नसारखं दुहेरी पत्र्याचं कामाडो. सिरॅमिक नाही, दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशन. किंमत सिरॅमिकच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, वजनही बरंच कमी, पडलं तर फुटत नाही. मात्र वर्षानुवर्षांत पत्रा गंजतो.

दोन, साधी वेबर केटल, म्हणजे झाकणाचं गोल कोळशाचं ग्रिल, 22 इंची. हिचा जन्मही मजेशीर आहे. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन धातूच्या कारखान्यात काम करायचा, तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे पोकळ बोये बनत. त्याने 1952 मध्ये एक बोया मधोमध कापून पाय लावले, झाकण केलं, झालं ग्रिल. केटलमध्येही मंद आचेवर पाच-सहा तासांचं काम होतं. ब्रिकेट कडेने सापासारख्या रांगेत मांडायच्या आणि एक टोक पेटवायचं, साप हळूहळू जळत जातो. पण बारा तास निर्धास्त झोपायचं असेल तर नाही. पत्रा पातळ, वारा आला की आच बदलते.

तीन, जुन्या गॅस ग्रिलचे बर्नर बदलणे. सुपातला, हे पाहिलंत का? बहुतेक मॉडेलचे बर्नर सुटे मिळतात.

सुपातला
नाही पाहिलं. (शरमेने.)

दीपा_के
एक महत्त्वाचं, इथे वाचणाऱ्या अपार्टमेंटवाल्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार लाकडी बाल्कनीत किंवा ज्वलनशील भिंतीपासून दहा फुटांच्या आत कोळशाचं ग्रिल चालत नाही. एक-दोन कुटुंबांच्या घरांना सूट असते, पण तुमच्या शहराचे आणि सोसायटीचे नियम आधी पाहा. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका देशी कुटुंबाला नोटीस आली होती, बिचाऱ्यांनी नुसता मका भाजला होता.

आणि पाऊस आला म्हणून गराजमध्ये पेटतं ग्रिल ओढू नका, दार उघडं असलं तरी. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. ही गंमत नाही.

बंबवाला_आजोबा
तुमचे ते वरची चकती आणि खालची खिडकी वाचून मला आमच्या वाड्यातला तांब्याचा बंब आठवला. खालून राख काढायची, चिपाड-ढलप्या घालायच्या, वरच्या धुराड्याचं झाकण हवं तेवढं सरकवायचं. झाकण किती सरकवलं की किती लवकर पाणी तापतं हे माझ्या काकूला डोळे मिटून कळायचं. तिला कुणी पंधराशे डॉलर दिले नाहीत.

आणि हो, त्याच बंबाच्या राखेत वांगं आणि कांदा खुपसून ठेवायचा. आंघोळी आटोपेपर्यंत भाजलेला असायचा. खानदेशीसाहेब, हे भरीत मान्य आहे का?

खानदेशी_तडका
आजोबा, तुमचं मान्य. पम्याचं नाही.

अटलांटाचा_पम्या
माझं काय चुकलं?

रस्सावाटी
मिनेसोटाहून. थंडीचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगते, बाहेर उणे तापमानात सिरॅमिकसारखं दुसरं काही नाही. केटल आणि गॅस कुडकुडतात, हे नाही. जानेवारीत बर्फ झाडून मटणाची रान (अख्खी तंगडी) केली आहे, सहा तास. शेजारी गल्लीच्या टोकावरून वास घेत आले.

पण एक अनुभव. एकदा तापमान खूप वर गेलं म्हणून मी दोन्ही भोकं बंद केली आणि दहा मिनिटांनी बघू काय झालं म्हणून झाकण धाडकन उघडलं. आत हवेसाठी आसुसलेली आग, तिला एकदम हवा मिळाली, भडका बाहेर आला. उजवी भुवई गेली. नवरा म्हणाला, बरं दिसतंय, डावीपण काढ. झाकण आधी दोन इंच उचलायचं, थोडं थांबायचं, दोन-तीनदा असं श्वास घेऊ द्यायचं आणि मगच उघडायचं. हे पेटीवर लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं.

फुंकणी
पुणेरी पाटी: "कृपया झाकण आपल्या भुवया सांभाळून उघडावे. गेल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही."

शाकाहारी_वाघ
विनोद राहू देत, आईच्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही. माझी सासू आमच्याकडे येते तेव्हाचा अनुभव: जाळी कितीही घासली तरी "त्याच्यावर ते केलंय ना?" हा प्रश्न येतोच, आणि त्याला उत्तर नाही. कामाडो जोमध्ये अर्धचंद्राकार दोन जाळ्या येतात, एक कायमची शाकाहारी ठेवता येते. पण आतली हवा एकच, तेव्हा एका वेळी दोन्ही करू नका. आधी पनीर-मका-रताळी, ते ताटात गेल्यावर चिकन. आमच्याकडे या क्रमाने शांतता नांदते.

मीरा_ताई
अगदी. आणि जाळीइतकाच साधा चिमटाही महत्त्वाचा. चिमटेही दोन ठेवा, मुठीला रंगीत दोरा बांधून.

सुपातला, एक सुचवू? विकत घेण्याआधी शेजारच्या काकांना विचारा, एका शनिवारी तुमच्या हातांनी त्यांच्या अंड्यावर स्वयंपाक करू देतात का. व्हिडिओ बघून कुणालाच काही कळत नाही. पेटवण्यापासून राख काढण्यापर्यंत सगळं तुम्ही करा.

डेटाबेस
+१. या धाग्यावरची सर्वात स्वस्त सूचना.

सुपातला (तीन आठवड्यांनी)
अहवाल द्यायला आलोय.

काकांनी आनंदाने होकार दिला. शनिवारी चारला पेटवलं. कोळसा नीट लागला, मला स्फुरण चढलं, दोन्ही भोकं सताड उघडी ठेवून आत मसाला लावायला गेलो. तंगड्यांना जरा जास्तच चिरा देत बसलो. परत आलो तर काटा 600 वर. मला हवे होते 375. पम्या, तुमची आत्या रुसली. मग सव्वा तास मी, काका आणि काटा. पाहुण्यांना सातची वेळ दिली होती, चिकन साडेआठला मिळालं. पण चिकन कसं होतं! मुलाने हाडं कुत्र्यालाही ठेवली नाहीत. (कुत्रा काकांचा.)

अनपेक्षित गोष्ट नानची. आत नान-पिझ्झा भाजायचा सपाट दगड होता, तो आधीच कडक तापला होता, म्हणून वाट बघताना नान टाकले. वरून घुमटाची धग, खालून दगड, दोन-तीन मिनिटांत फुगून डाग पडले. बायको पहिल्यांदाच म्हणाली, "हं, हे बरंय." तंदूर मात्र नव्हे, भिंतीला चिकटवता येत नाही, हे काही मित्र तासभर समजावत होते.

वांगंही भाजलं, झाकण उघडून, निखाऱ्यावर. खानदेशीसाहेब, चव चांगली होती. तुमचा धूर नव्हता, मान्य.

आता खरी गोष्ट. ताटं उचलायला काकांच्या शेडमागे गेलो तर तिथे एक छोटं गॅसचं ग्रिल, चकाचक, वापरातलं. म्हटलं, हे काय? काका हसले. म्हणाले, "सोमवार ते शुक्रवार हे. अंडं शनिवारचं." चार जुलैला त्यांनी हे सांगितलं नव्हतं!

घरी येताना बायको म्हणाली, तू आज अडीच तास त्या भोकांशीच बोलत होतास.

तर निर्णय: जुन्या ग्रिलचे तिन्ही बर्नर मागवून बदलले, एका रविवारी, पाना आणि शिव्या एवढ्या साहित्यावर. आता एका झटक्यात पेटतं. आणि एका घर सोडणाऱ्या माणसाकडून जुनी 22 इंची केटल घेतली. अंडं सध्या नाही. शनिवारी काकांकडे जायची मुभा मिळालीय, त्या बदल्यात नान माझे.

मीरा_ताई
माझे फ्रिजवरचे पान आता काढायला हरकत नाही.

अटलांटाचा_पम्या
ठीक आहे. हा धागा मी दोन वर्षांनी वर काढेन. तोवर केटलवर रात्रभराची रान करून बघा आणि पहाटे तीनला उठून कोळसा घालताना माझी आठवण काढा.

पोपटराव
केटल उपडी ठेवली तर पोपटी होईल का?

दीपा_के
नाही!!

खानदेशी_तडका
आई आल्यावर भरीत केलं का?

सुपातला
काल केलं, केटलवर, झाकण न लावता. सफरचंदाच्या वाळक्या काटक्या टाकल्या, कपाशी कुठून आणू. आईने दोन वाट्या खाल्लं आणि विचारलं, त्या जाळीवर ते केलंय ना? शाकाहारी_वाघ, तुमच्या सासूबाई आणि माझी आई बहिणी असाव्यात. वेगळी जाळी ऑर्डर केली आहे.

एक शेवटची शंका. हिवाळ्यात कोळशाची पिशवी गराजमध्ये ठेवली तर चालते ना? पेटवलेला नव्हे, पिशवीतला.

रस्सावाटी
चालते. जमिनीवर नको, फळीवर ठेवा आणि तोंड घट्ट बांधा. दमट कोळसा पेटत नाही, नुसता धूर करतो. आणि वापरलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, पूर्ण थंड होईपर्यंत बाहेर. कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात नको, हे मी कसं शिकले ते विचारू नका.

फुंकणी
दुसरी भुवई?

रस्सावाटी
डबा.